नोकरी सांभाळून अधूनमधून ट्रक चालवणाऱ्यांनी आयकराचा हिशोब कसा ठेवावा

कळंबोलीचा लोखंड बाजार, तुर्भ्याची बाजार समिती, न्हावा शेव्याची कंटेनर यार्डे आणि भिवंडीची गोदामे येथून रोज सुटणाऱ्या गाड्यांना त्यांचा नेहमीचा चालक दर वेळी मिळतोच असे नाही. तो गावी गेलेला असतो किंवा आजारी असतो, आणि माल तर पोचवायचाच असतो. अशा वेळी बदली ड्रायव्हर म्हणून जाणाऱ्यांमध्ये ठाणे-बेलापूर पट्ट्यातील किंवा वागळे इस्टेटमधील कारखान्यांत पूर्णवेळ नोकरी करणारे अनेक जण असतात. कोणी कंपनीच्या बसवर असतो, कोणी स्टोअरमध्ये, कोणी फोर्कलिफ्टवर. अवजड वाहनाचा परवाना हाताशी असतो आणि सुट्टीच्या दिवशी पुण्याची किंवा नाशिकची एखादी फेरी मारली तर घरखर्चाला हातभार लागतो.

या कमाईबद्दल दोन समजुती सर्रास आढळतात. पहिली अशी की ट्रान्सपोर्टवाल्याने एक टक्का कापून घेतला म्हणजे कर भरून झाला. दुसरी अशी की पैसे रोख मिळाले तर ते कुठेही दाखवावे लागत नाहीत. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत आणि दोन्हींमुळे कष्टाने मिळवलेला पैसा पुढे व्याजात आणि दंडात जातो. उलट, योग्य रीतीने विवरणपत्र भरले तर अनेकांना एक रुपयाही कर लागत नाही आणि कापलेली रक्कमही परत मिळते. या लेखातील आकडे आर्थिक वर्ष २०२५-२६ चे आहेत आणि कलमे १९६१ च्या आयकर कायद्यातील आहेत. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा, २०२५ लागू झाला असल्यामुळे त्या तारखेनंतरच्या कमाईसाठी कलमांचे क्रमांक वेगळे आहेत.

पहिली पायरी: पैसा कोणत्या नात्याने मिळतो ते ठरवा

गाडी कोणाच्या नावावर आहे आणि मालकाशी तुमचे नाते काय आहे, या दोन प्रश्नांच्या उत्तरांवर पुढचे सगळे अवलंबून असते.

गाडी दुसऱ्याची आहे, तुम्ही बोलावले तर जाता, नको वाटले तर नाही म्हणता, आज एका मालकाची गाडी चालवता आणि पुढच्या महिन्यात दुसऱ्याची, आणि पैसे फेरीवर ठरतात; अशा वेळी ती रक्कम व्यवसायाचे उत्पन्न मानणे योग्य ठरते. कंत्राटी कामाचे पैसे म्हणून देणाऱ्याने कलम १९४ सी खाली टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापला जाणारा कर, कापायचा असतो. व्यक्तीला देताना त्याचा दर १ टक्का आहे. एका वेळची रक्कम ३०,००० रुपयांपेक्षा जास्त किंवा वर्षभराची बेरीज १,००,००० रुपयांपेक्षा जास्त झाली की ही कपात लागू होते. पॅन दिला नाही तर हाच दर २० टक्के होतो, म्हणून पहिल्याच फेरीला पॅन देऊन ठेवावा.

एकाच मालकाकडे दर शनिवार-रविवार ठरलेल्या वेळेला जायचे, तो सांगेल ती गाडी चालवायची, महिन्याचे पैसे बांधून घेतलेले आणि रजा हवी तर विचारावे लागते. असे असेल तर ती दुसरी नोकरी आहे आणि मिळणारी रक्कम पगार आहे, मग मालक तिला काहीही नाव देवो. अशा वेळी दोन्हीकडचा फॉर्म १६, म्हणजे पगाराचा आणि त्यातून कापलेल्या कराचा दाखला, मागावा. पगारातून सरसकट वजा होणारी ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट मात्र दोन्ही पगार मिळून एकदाच मिळते. दोन्ही मालकांनी ती स्वतंत्रपणे धरली असेल, तर वर्षअखेरीस कर कमी कापला गेल्याचे लक्षात येते.

तिसरी स्थिती स्वतःच्या नावावर टेम्पो किंवा ट्रक असण्याची. तिचे नियम पूर्ण वेगळे असल्यामुळे ती पुढे स्वतंत्रपणे घेतली आहे.

कर बाजूला ठेवूनही एक गोष्ट आधी पाहावी. नोकरीच्या नेमणूकपत्रात बाहेरचे काम करण्यास मनाई आहे का किंवा परवानगी घ्यावी लागते का, हे वाचून घ्यावे, कारण पुढे एका टप्प्यावर कंपनीला हे उत्पन्न कळवावे की नाही हा प्रश्न येणार आहे.

दुसरी पायरी: खर्ची आणि मजुरी वेगळी ठेवा

माझ्या मते सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. मालक निघताना डिझेल, टोल, वराई (माल चढवण्या-उतरवण्याची मजुरी), वाटेतील किरकोळ दुरुस्ती आणि चालकाची मजुरी या सगळ्यांसाठी एकच ठोक रक्कम खात्यावर टाकतो. समजा २५,००० रुपये आले, त्यातील २१,५०० वाटेत खर्च झाले आणि ३,५०० तुमचे राहिले. तुमचे उत्पन्न ३,५०० आहे, पण बँकेच्या पासबुकात २५,००० जमा दिसतात. मालकाने टीडीएस कापताना २५,००० वर कापला, तर आयकर विभागाच्या फॉर्म २६एएस मध्ये आणि वार्षिक माहिती विवरणपत्रात, म्हणजे एआयएस मध्ये, २५,००० हीच तुमची प्राप्ती म्हणून नोंदली जाते. वर्षभर असे चालले की कागदावर तुम्ही लाखोंची उलाढाल करणारे ठरता आणि खर्चाची एकही पावती हातात नसते.

म्हणून मालकाशी काम ठरवतानाच सांगावे की फास्टॅग गाडीच्या नावाचा राहील, डिझेल त्याच्या ठरलेल्या पंपावर त्याच्या खात्यावर भरले जाईल आणि मजुरी तुमच्या खात्यावर स्वतंत्र येईल. हे जमत नसेल तर फेरी संपल्यावर खर्चाचा कागद मालकाला द्यावा, त्यावर त्याची सही किंवा निदान मोबाइलवर ‘हिशोब मिळाला’ असा संदेश घ्यावा आणि त्या कागदाचा फोटो जपून ठेवावा. टीडीएस फक्त मजुरीच्या रकमेवर कापावा, असेही त्याच्या हिशोबनीसाला सांगून ठेवावे. हे सांगायला संकोच वाटतो, पण नंतर दुरुस्ती करण्यासाठी मालकाला त्याचे टीडीएसचे विवरणपत्र बदलावे लागते आणि ते काम कोणी उत्साहाने करत नाही.

यासाठी शंभर पानी वही पुरते. प्रत्येक फेरीची तारीख, गाडीचा क्रमांक, कुठून कुठे, मालकाचे नाव, मिळालेली एकूण रक्कम, त्यातील खर्ची, स्वतःची मजुरी आणि ती रोख मिळाली की खात्यावर, एवढे लिहावे. महिन्याच्या शेवटी बेरीज मारावी. ही वही आणि पावत्या किमान सहा वर्षे ठेवाव्यात, असा माझा सल्ला आहे.

रोखीच्या पैशाबद्दल एवढेच लक्षात घ्यावे की मालकालाही स्वतःचा खर्च दाखवायचा असतो. एका दिवसात एका व्यक्तीला १०,००० रुपयांपेक्षा जास्त रोख दिली तर तो खर्च त्याला वजावटीत धरता येत नाही. मालवाहू गाडीच्या भाड्यापोटी हीच मर्यादा ३५,००० रुपये आहे. त्या मर्यादेतील रोख रक्कम तो तुमच्या नावाने व्हाउचर करूनच दाखवतो. म्हणजे तुम्ही न दाखवलेली रक्कम त्याच्या वहीत तुमच्या नावावर असते.

तिसरी पायरी: निव्वळ नफा काढा

कामासाठी झालेला खर्च वजा करता येतो. घणसोलीहून कळंबोलीला जाण्या-येण्याचा खर्च, मोबाइलच्या बिलातील कामापुरता भाग, परवान्याच्या नूतनीकरणाचे शुल्क, सुरक्षा बूट, हातमोजे आणि हिशोब लिहून देणाऱ्याची फी हे खर्च रास्त आहेत. घरचा किराणा किंवा मुलांच्या शाळेची फी यांचा येथे संबंध नाही. वाहतूक पोलिसांचा दंड तुम्ही खिशातून भरला असला तरी तो वजा होत नाही, कारण कायदा मोडल्याबद्दल भरलेली रक्कम व्यवसायाचा खर्च मानली जात नाही.

येथे कलम ४४ एडीचा विचार येतो. छोट्या व्यवसायांना हिशोबाची पुस्तके न ठेवता उलाढालीच्या ८ टक्के, आणि बँकेतून किंवा यूपीआयने आलेल्या रकमेवर ६ टक्के, एवढा नफा गृहीत धरण्याची सवलत या कलमात आहे. स्वतःच्या मालवाहू गाड्यांच्या ४४ एई खालील व्यवसायाला आणि दलाली किंवा कमिशनला ते लागू होत नाही. त्यामुळे गाडीला भाडे मिळवून देऊन त्यावर कमिशन घेणाऱ्यांनी या कलमाचा आधार घेऊ नये. दुसऱ्याच्या गाडीवर फेरीनिहाय मजुरी घेणारा मात्र ते वापरू शकतो.

तरीही दीड लाख मजुरी घेऊन त्यातील फक्त ६ टक्के नफा दाखवावा, असे मी सुचवणार नाही. चालकाचा खरा खर्च थोडा असतो आणि बहुतेक रक्कम त्याच्या घरी येते. कलमातच किमान टक्केवारीसोबत ‘किंवा प्रत्यक्षात त्याहून अधिक मिळालेली रक्कम’ दाखवण्याची सोय आहे. म्हणून वहीतून निघालेला खरा नफा याच कलमाखाली दाखवावा. त्यामुळे विवरणपत्र सोपे राहते, आगाऊ कराची सवलत मिळते आणि पुढे कोणी विचारले तर उत्तर देताना अडचण येत नाही.

चौथी पायरी: कर प्रत्यक्षात किती बसतो

नव्या करप्रणालीत ४ लाखांपर्यंत कर नाही, ४ ते ८ लाखांवर ५ टक्के, ८ ते १२ लाखांवर १० टक्के, १२ ते १६ लाखांवर १५ टक्के आणि पुढे दर चार लाखांना पाच टक्क्यांनी वाढत २४ लाखांवर ३० टक्के असे दर आहेत. करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर कलम ८७ ए खाली ६०,००० रुपयांपर्यंत सूट मिळून कर शून्य होतो.

राबाळ्याच्या कारखान्यातील एका स्टोअरकीपरचा वर्षाचा पगार ७,२०,००० रुपये आहे असे धरू. प्रमाणित वजावटीनंतर ६,४५,००० उरतात. बदली चालक म्हणून त्याला वर्षात १,४४,००० मिळाले आणि १८,००० खर्च झाला, म्हणजे नफा १,२६,०००. एकूण ७,७१,००० होतात, कर १८,५५० निघतो आणि सवलतीमुळे पूर्ण माफ होतो. ट्रान्सपोर्टवाल्याने कापलेले १,४४० रुपये त्याला परत मिळतात, पण विवरणपत्र भरले तरच.

आता त्याच कारखान्यातील पर्यवेक्षक घेऊ, ज्याचा पगार १२,६०,००० आहे. वजावटीनंतर ११,८५,००० उरतात आणि केवळ पगारावर त्याला कर नाही. त्याने तेवढ्याच फेऱ्या केल्या आणि तेवढाच १,२६,००० नफा मिळवला तर एकूण उत्पन्न १३,११,००० होते. १२ लाखांची रेषा ओलांडल्यामुळे सूट पूर्ण जाते. कर ७६,६५० आणि त्यावर ४ टक्के उपकर ३,०६६, मिळून ७९,७१६ रुपये. रात्री जागून मिळवलेल्या १,२६,००० पैकी त्याच्या हाती ४६,२८४ राहतात.

रेषेच्या अगदी लगत अवस्था आणखी कठीण असते. याच पर्यवेक्षकाला फेऱ्यांतून ६०,००० नफा झाला तर उत्पन्न १२,४५,००० होते. येथे सीमांत सवलत लागू होते, म्हणजे १२ लाखांवरील जेवढे उत्पन्न त्याहून जास्त कर घेतला जात नाही. तरीही ४५,००० कर आणि १,८०० उपकर जातोच. ६०,००० मधील १३,२०० उरतात. ही सवलत साधारण १२,७०,५८८ रुपयांपर्यंत उपयोगी पडते. १२ लाखांच्या जवळ पगार असणाऱ्यांनी म्हणून फेरी स्वीकारण्यापूर्वी हे गणित करावे. नोकरीची कंपनी एनपीएसमध्ये, म्हणजे राष्ट्रीय पेन्शन योजनेत, योगदान देत असेल तर मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या १४ टक्क्यांपर्यंतची ती रक्कम नव्या प्रणालीतही वजा होते, आणि पगाराची रचना तशी करून घेता आली तर काही जण पुन्हा रेषेच्या आत येतात.

पाचवी पायरी: जुनी प्रणाली निवडणाऱ्यांनी थांबून विचार करावा

निव्वळ पगारदाराला दर वर्षी विवरणपत्र भरताना जुनी किंवा नवी प्रणाली निवडता येते. व्यवसायाचे उत्पन्न आले की हे स्वातंत्र्य संपते, मग ते उत्पन्न वीस हजारांचे का असेना. जुनी प्रणाली हवी असेल तर विवरणपत्राच्या मुदतीपूर्वी फॉर्म १०-आयईए भरावा लागतो. एकदा जुनी निवडून नंतर नव्या प्रणालीत परतले की व्यवसायाचे उत्पन्न चालू असेपर्यंत पुन्हा जुन्या प्रणालीत जाता येत नाही. राहत्या घराच्या कर्जावरील २,००,००० रुपयांपर्यंतचे व्याज, घरभाडे भत्ता आणि कलम ८० सी (विमा, पीपीएफ अशा बचतीची वजावट) यांच्या आधारावर जुनी प्रणाली फायदेशीर पडणाऱ्यांनी एका सुट्टीतील चार फेऱ्यांमुळे आपली निवड बांधली जाणार आहे, हे आधी समजून घ्यावे.

सहावी पायरी: आगाऊ कर

वर्षाचा कर टीडीएस वजा जाता १०,००० रुपये किंवा अधिक असेल तर तो आगाऊ भरावा लागतो. कलम ४४ एडी खाली नफा दाखवणाऱ्यांना तो १५ मार्चपर्यंत एकाच हप्त्यात भरता येतो. इतरांना १५ जूनपर्यंत १५ टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत ४५, १५ डिसेंबरपर्यंत ७५ आणि १५ मार्चपर्यंत पूर्ण असे टप्पे पाळावे लागतात. चुकल्यास कलम २३४ बी आणि २३४ सी खाली महिन्याला १ टक्का दराने व्याज लागते.

दुसरा मार्ग म्हणजे कंपनीच्या पगार विभागाला हे उत्पन्न लेखी कळवून पगारातूनच जादा कर कापून घेणे. परवानगी असेल तर हाच मार्ग मला बरा वाटतो, कारण तारखा लक्षात ठेवाव्या लागत नाहीत आणि भार महिन्यांवर विभागला जातो. कंपनीला कळवायचे नसेल तर आयकर पोर्टलवरील ई-पे टॅक्समधून स्वतः भरावा. ते करताना वर्ष आणि ‘आगाऊ कर’ हा प्रकार अचूक निवडावा.

सातवी पायरी: विवरणपत्र

पगारदारांचा नेहमीचा आयटीआर-१ येथे चालत नाही. पगार आणि गृहीत नफा असेल तर आयटीआर-४, आणि प्रत्यक्ष खर्च दाखवून नियमित हिशोब द्यायचा असेल तर आयटीआर-३ भरावा लागतो. आयटीआर-४ ला एकूण उत्पन्नाची मर्यादा ५० लाखांची आहे. जूनच्या मध्यापर्यंत कंपनीचा फॉर्म १६ हाती येतो. त्यानंतर २६एएस आणि एआयएस उतरवून घ्यावेत, वहीतील बेरजांशी ताडून पाहावेत आणि जुलै संपण्यापूर्वी विवरणपत्र भरून टाकावे. एआयएसमध्ये एखादी रक्कम चुकीची किंवा दोनदा दिसत असेल तर त्याच पानावर प्रतिसाद नोंदवता येतो. भरल्यापासून ३० दिवसांच्या आत आधार ओटीपीने पडताळणी केली नाही तर विवरणपत्र भरलेच नाही असे धरले जाते. परताव्याची वाट पाहत बसलेल्यांपैकी काहींची अडचण एवढीच असते.

स्वतःच्या नावावर गाडी असेल तर

एखादा छोटा टेम्पो घेऊन सुट्टीच्या दिवशी स्वतः चालवणारे किंवा इतर दिवशी चालक ठेवणारे नोकरदार ठाणे आणि पनवेल परिसरात बरेच दिसतात. त्यांना कलम ४४ एई लागू होते. दहापर्यंत गाड्या असणाऱ्याचा नफा गाडीच्या कमाईवरून न काढता मालकीच्या महिन्यांवरून काढला जातो: भारासह एकूण वजन १२,००० किलोपर्यंत असेल तर प्रत्येक गाडीमागे महिन्याला ७,५०० रुपये, त्याहून जड गाडीला दर टनामागे महिन्याला १,००० रुपये. टेम्पोचे वर्षाचे ९०,००० होतात. १६ टनी ट्रकचे १,९२,०००. प्रत्यक्ष कमाई जास्त असेल तर ती दाखवायची. महिन्याचा काही भागही पूर्ण महिना धरला जातो आणि गाडी दारात उभी राहिली तरी महिना मोजला जातो. डिझेल, टायर, विमा, घसारा आणि कर्जाचे व्याज हे सारे या आकड्यात वजा झाले असे मानले जाते. आगाऊ कराची एका हप्त्याची सवलत मात्र ४४ एई ला नाही. चारही तारखा पाळाव्या लागतात.

ज्यांचा माल वाहता त्या ट्रान्सपोर्ट कंपनीला पॅनसह ‘माझ्याकडे दहापेक्षा जास्त गाड्या नाहीत’ असे लेखी दिले तर टीडीएस कापला जात नाही. गाडी पत्नीच्या नावावर पण पैसे तुमचे, अशी व्यवस्था केली तर त्या गाडीचे उत्पन्न कलम ६४ खाली तुमच्याच उत्पन्नात धरले जाते.

व्यवसाय कर आणि जीएसटी

पगारातून महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० असा २,५०० रुपयांचा व्यवसाय कर कापला जात असेल तर संविधानाच्या अनुच्छेद २७६ नुसार ही एका व्यक्तीची वर्षाची कमाल मर्यादा आहे, आणि या फेऱ्यांसाठी आणखी रक्कम देणे लागत नाही. जीएसटीची नोंदणी सेवांसाठी वर्षाला २० लाखांच्या उलाढालीनंतर लागते, त्यामुळे अधूनमधून गाडी चालवणाऱ्याला तिची गरज नसते.

मागील वर्षांचे उत्पन्न दाखवायचे राहिले असेल तर

अद्ययावत विवरणपत्र, म्हणजे आयटीआर-यू, संबंधित कर आकारणी वर्ष (कमाईच्या आर्थिक वर्षानंतरचे वर्ष) संपल्यापासून ४८ महिन्यांपर्यंत भरता येते. कर आणि व्याजाच्या बेरजेवर पहिल्या १२ महिन्यांत २५ टक्के, २४ महिन्यांपर्यंत ५०, ३६ महिन्यांपर्यंत ६० आणि ४८ महिन्यांपर्यंत ७० टक्के जादा रक्कम द्यावी लागते. त्यामुळे जितके लवकर भराल तितके कमी पैसे जातात. केवळ परतावा मागण्यासाठी मात्र आयटीआर-यू वापरता येत नाही. कापलेला एक टक्का परत हवा असणाऱ्याला मूळ मुदतीत, किंवा फार तर ३१ डिसेंबरपर्यंतच्या उशिराच्या विवरणपत्रातच, तो मागावा लागतो. त्या उशिराच्या विवरणपत्राला ५,००० रुपयांपर्यंत शुल्क लागू शकते. एकूण उत्पन्न ५ लाखांपर्यंत असेल तर ते १,००० रुपयांपुरते मर्यादित राहते.